रिकाम्या किनाऱ्याला ताकीद

१

आमचा स्टुडिओ नवी मुंबईत पावण्याला आहे, एमआयडीसीतल्या एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. खाली पावडर कोटिंगचं काम चालतं. जिन्यात रंगाचा वास, मग एक जाड दार, मग दुसरं जाड दार, आणि आत एकदम शांतता. बूथमध्ये माइक, एक स्टँड, एक टीव्ही. काचेच्या अलीकडे मी. मी रेकॉर्डिस्ट आहे. लोक बोलतात, मी पकडते.

त्या दिवसांत एक स्पॅनिश मालिका मराठीत आणायचं काम चालू होतं. पाचशे वर्षांपूर्वी स्पेनची जहाजं अमेरिकेच्या किनाऱ्यांना लागली आणि त्या लोकांनी तिथली गावं, सोनं, जमीन, माणसं सगळं कसं ताब्यात घेतलं, त्याची गोष्ट. भाषांतर मंजुषाताईंचं, दिग्दर्शनही त्यांचंच. कॅप्टनचा आवाज स्वानंदसरांचा.

त्यांचा आवाज तुम्ही ऐकलेला असणार. मॉलमध्ये, दवाखान्याच्या फोनवर, शाळांच्या गॅदरिंगला. जाड, शांत, थोडा मायाळू आवाज. माणूसही तसाच. येताना सगळ्यांसाठी खारी आणायचा.

त्या दिवशीचा प्रसंग असा होता. कॅप्टन होडीतून उतरतो. समोर झोपड्या आहेत, चुली पेटलेल्या आहेत, माणूस एकही नाही. जहाजं बघून सगळे जंगलात पळालेत. कॅप्टन कागद उलगडतो आणि त्या रिकाम्या किनाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवतो. शेजारी एक कारकून उभा असतो.

“खरंच असं करायचे?” मी विचारलं.

“कायदाच होता त्यांचा,” मंजुषाताई म्हणाल्या. “हल्ला करायच्या आधी ताकीद वाचायची. समोर कोणी असो नसो, त्यांना भाषा कळो न कळो. वाचली की झालं. मग गालावर डाग देऊन गुलाम करायला, काय वाट्टेल ते करायला मोकळे.”

सर बूथमध्ये गेले. हेडफोन चढवला, घसा साफ केला आणि वाचायला लागले.

“ही जमीन देवाच्या प्रतिनिधीनं आमच्या राजाला दिली आहे. राजाला धनी माना. मानलंत, तर आम्ही तुम्हाला प्रेमानं वागवू. न मानलंत, तर बळानं आत शिरू. तुमच्या बायकामुलांना धरून नेऊ. जमेल तेवढं वाईट करू. आणि यात जे मरतील, त्यांचा दोष तुमच्या माथी. राजाच्या नाही, आमच्या नाही. हे वाचून दाखवलं, याला इथे हजर असलेल्यांनी साक्षी राहावं.”

टेक उत्तम झाला. मंजुषाताईंनी टाळ्या वाजवल्या.

मी सवयीप्रमाणे टेक परत लावून ऐकला. सुरुवातीला, सर पहिला शब्द बोलायच्या आधी, एक आवाज होता. कपड्यांची सळसळ, गुडघे मोडल्याचा, अंग सावरल्याचा आवाज. खूप माणसं एकदम खाली बसली की होतो तसा. सभेत वक्ता उभा राहिल्यावर होतो तसा.

बूथमध्ये जेमतेम दोन माणसं उभी राहू शकतात.

२

असे आवाज येतात. त्याला कारणं असतात. खालच्या गाळ्यातला कॉम्प्रेसर, एसीचा पाइप, खराब केबल. मी केबल बदलली. माइक बदलला. सरांना अंगातलं जाकीट काढायला लावलं.

“आणि घड्याळही काढू का?” ते हसले.

पुन्हा टेक घेतला. पुन्हा तेच. ते सगळे बसायचे, सर वाचायचे, आणि वाचून होईपर्यंत एक हूं की चूं नाही. टीव्हीवरच्या प्रसंगाचा मूळ साउंडट्रॅक मी वेगळा काढून ऐकला. त्यात समुद्र होता, वारा होता, बाकी काही नव्हतं.

शुक्रवारी खालचा गाळा बंद असतो. सबंध लाइनीतच सामसूम असते. मी मुद्दाम तोच प्रसंग शुक्रवारी ठेवला. एसी बंद केला. सर घामाघूम झाले, पण बिचाऱ्यांनी कुरकुर केली नाही.

त्या दिवशी आवाज जास्त स्वच्छ आला. बसणाऱ्यांत म्हातारी माणसं होती, हे कळत होतं. कोणीतरी कण्हत बसलं. एक लहान मूल होतं, त्याला कोणीतरी गप्प केलं. आणि पहिल्या दिवशी ते जिथे बसले होते, त्यापेक्षा पुढे बसले होते. माझे कान हेच काम करतात, आवाज किती लांबून येतो ते मला कळतं.

मी काचेतून सरांकडे पाहिलं. त्यांनी हेडफोन एका कानावरून सरकवला.

“तुलाही येतंय ना?” ते म्हणाले. त्यांना भीती वाटत नव्हती. चेहऱ्यावर चक्क आनंद होता. “काय ऐकतात गं! इतक्या वर्षांत असं कोणी माझं ऐकलं नाही. जीव कानात आणून.”

मंजुषाताई मला म्हणाल्या, “तू उगाच टेन्शन घेऊ नकोस. एडिटमध्ये काढून टाक.”

मी काढून टाकलं. सोपं होतं. वाचायला सुरुवात व्हायच्या आधीचा तुकडा कापायचा, बस्स.

३

मी मूळची उरणची. नोकरीसाठी तळवलीत राहते, रंगूबाईंच्या घरात, भाड्याच्या खोलीत. त्यांच्या घराच्या मागची बाजू आता नाही. तिथे पत्रे ठोकलेत.

गेल्या उन्हाळ्यात मागच्या जागेवर एका बिल्डरनं हक्क सांगितला. भांडण चालू होतं. एका दुपारी सगळी आळी हळदीला गेली होती. घरात रंगूबाईंचे यजमान, मारोतीबाबा, एकटेच झोपले होते. त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं. तेव्हा भोंगा लावलेली रिक्षा आली. ‘सर्व संबंधितांना कळवण्यात येते की जागा तात्काळ रिकामी करावी, अन्यथा होणाऱ्या जीवित वा वित्तहानीस आपण स्वतः जबाबदार राहाल.’ रिक्षेनं गल्लीला एक चक्कर मारली. तिच्यामागून जेसीबी आला.

मारोतीबाबा भिंतीखाली गेले.

पुढे चौकशीत बिल्डरच्या माणसांनी ते रेकॉर्डिंग लावून दाखवलं. सूचना दिली होती, म्हणाले. पुरावा म्हणून तेवढं पुरलं.

“त्यो आला, बोलला न गेला,” रंगूबाई अजून सांगतात. “कोनाला सांगतं व्हता त्यो? भिताडांना? आमी समदी तिकरं. घरान यो एकला, त्याला कानानं आयकाला येत नाय. मना एकदा त्या आवाजाचा तोंड बघाचा हाय, अमरीन. एकदा बघाचा हाय.”

तो आवाज मी चौकशीच्या वेळी रंगूबाईंच्या शेजारी बसून ऐकला होता. नंतर आधीची नोकरी सोडून या स्टुडिओत रुजू झाले, त्या दिवशी तोच आवाज मला म्हणाला, “ये, अमरीन, खारी घे.” मी रंगूबाईंना बोलले नाही. सरांनाही नाही.

त्या शुक्रवारनंतर मला राहवेना. चहाच्या वेळी मी विचारलं, “सर, तळवलीची ती अनाउन्समेंट तुमचीच ना? जागा रिकामी करा, ती.”

त्यांना आठवायला वेळ लागला. “असेल. असं बरंच असतं. का?”

“एक बाबा गेले त्यात. भिंत पडून.”

“अरेरे.” त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. खारी चहात बुडवायची थांबली. “पण मी फक्त वाचतो गं. आवाज माझा, शब्द त्यांचे. मला थोडंच माहीत असतं समोर कोण आहे ते!”

मग ती खारी त्यांनी खाल्ली. मी बघत होते.

४

पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा दाढी वाढलेली होती.

“घरी पण यायला लागलंय,” बूथच्या दारात उभं राहून ते हळूच म्हणाले. “मी फोनवर बोलायला लागलो की ते बसतात. जाईला अभ्यासाला बस म्हटलं तरी बसतात. काल जाईनं विचारलं, बाबा, तू बोलायला लागलास की हे कोण बसतात?”

जाई त्यांची मुलगी, तिसरीत. बायको, नंदिनी, पुण्याला बँकेत, शनिवार-रविवार यायची. बाकीचे दिवस घरात दोघंच.

“डॉक्टरला दाखवा,” मंजुषाताई म्हणाल्या. “कानात पाणी साठलं की होतं असं.”

“जाईच्या पण कानात?”

मंजुषाताईंनी घड्याळ पाहिलं. ताकिदीचा एक शेवटचा टेक राहिला होता, ओठांशी जुळवून. सर आत गेले. बाहेर यायची घाई असल्यासारखे वाचायला लागले.

पहिल्या वाक्यानंतर मला वाटलं, हेडफोनमध्ये प्रतिध्वनी येतोय. सरांच्या शब्दामागून तोच शब्द पुन्हा, अर्धा श्वास उशिरा. मी सेटिंग तपासलं. सगळं बंद होतं. ‘धरून नेऊ,’ सर म्हणाले. ‘धरून नेऊ,’ मागून आलं, पुष्कळ तोंडांतून, पाठ करणाऱ्या मुलांसारखं. अडखळत. जिभेला नवीन असलेले शब्द पुन्हा पुन्हा घोळवत. शेवटच्या वाक्याला ते अडखळत नव्हते.

सरांनी हेडफोन काढून फेकला आणि तसेच बाहेर आले.

“झालं ना? मिळालं ना?” त्यांनी विचारलं. “मी हे परत वाचणार नाही.”

मंजुषाताईंना पुढच्या मीटिंगला जायचं होतं, त्या गेल्या. सर खाली टपरीवर सिगरेट ओढायला उतरले.

५

काम संपलं की मी रिकाम्या बूथचा आवाज थोडा वेळ रेकॉर्ड करते. प्रत्येक खोलीला स्वतःची एक शांतता असते. एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मध्ये तीच भरावी लागते, नाहीतर कानाला भोक पडल्यासारखं वाटतं. मी दोन्ही दारं लावली. बूथचा दिवा बंद केला. रेकॉर्डिंग चालू केलं.

आधी काहीच नव्हतं. मग माइकसमोर कोणीतरी घसा साफ केला.

काचेपलीकडे अंधार होता. मीटरवरची हिरवी रेघ वर गेली.

“स्वानंद,” तो आवाज म्हणाला. सरांचाच आवाज होता. जाड, शांत, मायाळू. “ज्या घरात तू राहतोस ते आम्हाला दिलेलं आहे. आम्हाला धनी मान. मानलंस, तर आम्ही तुला प्रेमानं वागवू. न मानलंस, तर बळानं आत शिरू. तुला आणि तुझ्या मुलीला धरून नेऊ. जमेल तेवढं वाईट करू. आणि यात जे होईल, त्याचा दोष तुझ्या माथी.”

एकही शब्द चुकला नाही. मग आवाज जरासा बदलला, बोलणाऱ्यानं मान वळवल्यावर बदलतो तसा. तो माझ्याकडे वळला होता.

“हे वाचून दाखवलं, याला इथे हजर असलेल्या बाईनं साक्षी राहावं.”

मी पळाले नाही. डोकं एकच गोष्ट सांगत होतं, की ज्याच्यासाठी आहे त्याला ऐकव. तो ‘मानतो’ म्हणू शकतो. म्हणायला त्याला ऐकू तर यायला हवं.

सर वर आले. मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं, हेडफोन दिला आणि लावलं. ते कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिले. पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा लावलं.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं. “कुठली भाषा? एक शब्द कळत नाही.”

“सर, तुमचा आवाज आहे. मराठी आहे. ते म्हणतायत तुमचं घर…”

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. भाषा न येणारा माणूस बघतो तसं, ओठांकडे.

“अमरीन, मराठीत बोल ना.”

“मराठीतच बोलतेय! जाईला घेऊन जातील, म्हणतायत. तुम्ही फक्त ‘मानतो’ म्हणा!”

“काय गंमत चालवलीय?” ते हसायला गेले, पण त्यांना हसता आलं नाही.

मी मोबाइलवर टाइप करून त्यांच्यापुढे धरलं. परक्या गावातली पाटी बघावी तसं त्यांनी ते पाहिलं आणि मोबाइल मला परत दिला. जाईची बस यायची वेळ झालीय, असं काहीतरी म्हणाले आणि निघाले. जिन्यात त्यांचा पाय वाजला, आणि त्या पायामागून बूथमधले सगळे उभे राहिले. हेडफोन टेबलावर पडला होता, तरी मला तो आवाज ऐकू आला.

मी लगेच गेले नाही, हे सांगते. खुर्चीत बसून राहिले. पत्र्यामागची ती जागा डोळ्यांपुढे होती. घेऊन जाऊ देत, असं मनात आलं आणि ते मनात बरं वाटलं. मग ‘बाबा, हे कोण बसतात’ विचारणारी मुलगी आठवली. मी रिक्षा पकडली आणि घणसोलीला सरांच्या घरी गेले.

६

सर अजून सापडलेले नाहीत. पोलिसांनी मला दोनदा बोलावलं. नंदिनीताई येऊन माझ्यापुढे रडल्या. मी सांगितलं, मी पोचले तेव्हा ते खाडीकडे गेले होते. ते खोटं नाही. पण झालं ते असं.

सोसायटीच्या गेटवर वॉचमन गोटीराम होता. “सर आत्ताच गेले, बेबीला घेऊन,” तो म्हणाला. “खाडीकडे. हाका मारल्या, बघितलं पण नाही. अन् मॅडम, पाव्हणे होते का त्यांच्याकडे? जिना सगळा ओला झालाय.”

मी धावत सुटले. शेवटच्या बिल्डिंगनंतर रस्ता नुसता खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीकडे जातो. सूर्य समोर होता, ऊन डोळ्यांत येत होतं. ते दोघं पुढे चालले होते. सरांचे हात पोटासमोर, मनगटाला मनगट चिकटवलेलं, बांधून नेतात तसे. जाई त्यांच्या मागे. तिचा एक हात वर होता, उंच माणसानं धरल्यासारखा. रस्त्यावरची कुत्री दोन्ही बाजूंना सरकून उभी होती, मधे मोठी वाट ठेवून, इतकी मोठी वाट दोन माणसांना लागत नाही. खड्ड्यात साठलेलं पाणी हलत होतं, थांबत नव्हतं, पावलांवर पावलं पडत असल्यासारखं.

मी जाईचा दुसरा हात धरला आणि ओढलं.

पलीकडून ओढ होती. झटका नव्हता, राग नव्हता. पुष्कळ हातांची, न दमणारी ओढ. जाई रडत नव्हती. तिचे डोळे उघडे होते आणि त्यांना मी दिसत नव्हते.

“सोडा,” मी ओरडले. “सोडा तिला! या अल्लाह, सोडा!”

सूर्याच्या आड काहीतरी आलं. क्षणभर मला एक चेहरा दिसला, बाईचा, माझ्याहून लहान. केस ओले. गालावर डाग दिलेला, गुरांना देतात तसा, एक परकं अक्षर, कातडीत खोल जळालेलं. ती माझ्याकडे बघत होती. तिच्यामागे तिवरांत जिथवर नजर जात होती तिथवर कोणी ना कोणी उभं होतं. त्यांच्याकडे मी नीट बघितलं नाही.

सगळं थांबलं. ते वाट बघत होते. काय हवंय ते मला कळलं. वाचलेलं खरं ठरायला त्यांना साक्षीला माणूस लागत होता, आणि मी नाही म्हणेपर्यंत तो माणूस मी होते.

“मुलीला ताकीद वाचून दाखवलेली मी ऐकली नाही,” मी म्हणाले. नीट, एकेक शब्द. “हिच्यासाठी मी साक्षी नाही.”

जाईचा वरचा हात खाली पडला. ती माझ्या अंगावर कोसळली. मी तिला उचललं. केवढी गरम होती ती.

पण तो चेहरा हलला नाही. कोणीच हलत नव्हतं. अजून एका उत्तराची वाट बघत होते. सरही वळले होते. मनगटं तशीच जुळलेली. ते माझ्याशी बोलत होते, भराभर, कळवळून, आणि त्यातला एक शब्दही मला कळत नव्हता. त्याच मायाळू आवाजात विनवत होते, एवढं मात्र कळत होतं.

तेच वाक्य मी पुन्हा म्हणू शकले असते. तोंडात तयार होतं. फक्त ‘मुलीला’च्या जागी ‘सरांना’ म्हणायचं होतं.

मी जाईचं डोकं माझ्या खांद्याकडे वळवलं, तिला काही दिसू नये म्हणून, आणि तोंड मिटून उभी राहिले.